आबाजी अजून ऑनलाइन आहेत

आमच्या आबाजींना जाऊन आता बराच काळ झाला. तेरवी झाली, गाव जेवलं, वर्षश्राद्धही उरकलं. त्यांची कुऱ्हाड काकाजींनी नेली, टॉर्च माझ्याकडे आला आणि अडकित्ता कोणी नेला यावरून दोन घरांत अजून बोलणं बंद आहे. थोडक्यात, गेलेल्या माणसामागे जे जे व्हायला पाहिजे ते सगळं रीतसर पार पडलं. राहिले ते कॉम्प्युटर. त्या जमातीत ही वार्ता अजून पोचलेली नाही. एका खिडकीत आबाजी शेतकरी आहेत, दुसरीत कर्जदार, तिसरीत लाभार्थी. चौथीत त्यांचं वय एकशे नऊ असून प्रकृतीची काही तक्रार नाही. मी चांगला हिंडताफिरता माणूस, पण एवढ्या खिडक्यांत मला कोणी ओळखत नाही.

आमचं गोंडपिपरी चंद्रपूरहून आष्टीकडे जाताना वैनगंगेच्या अलीकडे लागतं. तालुक्याच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला वैनगंगा, मध्ये धान, कापूस, जंगल आणि आम्ही. या भागात वाघ आणि नेटवर्क या दोहोंचा वावर आहे, असं जाणकार सांगतात. त्यांपैकी वाघ आम्हाला दिसतो.

तर आबाजींमागे वाटणी झाली. फेरफार पडला, मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केला. सातबाऱ्यावर आबाजींच्या नावाला कंस लागला आणि खाली माझं नाव चढलं. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि पीककर्जासाठी एका बँकेत गेलो. बाबूंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे. ज्याच्याकडे दोनदा पाहिलं त्याचाच शब्द त्यांनी खरा धरला.

"जमीन तं म्हाताऱ्याच्या नावानं दिसून रायली जी."

"साहेब, हा सातबारा पाहा. सरकारचाच आहे."

"तुमचा कागद बरोबर असन. पण आमच्यात नाही आलं."

"कधी येईल?"

"आलं की दिसन."

"तोवर काय करू?"

"तवरी आबाजीले घेऊन या. अंगठा लागते."

मी म्हटलं, ते येऊ शकत नाहीत. बाबू दयाळू होते. म्हणाले, "तब्येत बरी नसन तं राहू द्या, पुढच्या सोमवारी आणा."

रेशनच्या रांगेतही हेच. तिथल्या यंत्रात आबाजी ठाण मांडून बसलेले. दुकानदार म्हणाला, "मशीन त्याईच्या नावाचं धान्य दाखवते, पण अंगठा त्याईचाच मागते." म्हणजे आबाजींचा तांदूळ आहे, पण तो फक्त आबाजींनाच मिळेल. माझ्या पोरीचं प्रकरण ह्याच्या उलट. लग्न होऊन ती आष्टीला गेली. आमच्या कार्डातून तिचं नाव तत्परतेने कमी झालं. नाव कमी करण्यात आपल्याकडे कोणी उशीर करत नाही. सासरच्या कार्डावर मात्र ते चढेना. इकडचे म्हणतात, "आम्ही सोडलं." तिकडचे म्हणतात, "आम्हाले नाही भेटलं." म्हणजे हिशेबाने माझ्या लेकीचं नाव सध्या वैनगंगेच्या पात्रात कुठंतरी आहे. जावईबापू पुलावरून येता-जाता खाली वाकून बघतात.

त्यात आमच्या मोबाइलात एक ॲप आलं. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. मी बांधीत उतरलो. गुडघाभर चिखल, डोक्यावर ऊन, हातात मोबाइल. ॲपने आधी खातेदार निवडायला सांगितलं. यादीत आबाजी एकटेच होते, तेव्हा मी आबाजी झालो. मग ते म्हणालं, आपण गटापासून दूर आहात. ज्या मातीत मी रुतलो होतो ती माझी नव्हे, असं ते मला शांतपणे सांगत होतं. मी चार पावलं सरकलो, अजून दूर. धुऱ्यावर चढलो, अजूनच दूर. शेजारचा धुऱ्यापलीकडून ओरडला, "काहून नाचून रायले जी?" मी म्हटलं, "माझं शेत शोधून रायलो." तो घरी जाऊन बायकोला म्हणाला की शेजाऱ्याला ऊन लागलं. शेवटी फोटो निघाला. त्यात माझा डावा पाय स्पष्ट आला, धान मागे अंधुक. पाठवायला नेटवर्क नव्हतं, म्हणून चिखलाच्या पायांनी डांबरी रस्त्यापर्यंत आलो. तिथे मोबाइल बोलला, माहिती अद्ययावत आहे. कोणाची, ते त्याने सांगितलं नाही.

गावात ऑनलाइनवाला म्हणून एक पोरगा आहे. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यावर एकच औषध आहे, रिफ्रेश. तो कीबोर्डावरचं एक बटन इतक्या वेळा आणि इतक्या जोराने दाबतो की त्यावरचं अक्षर पुसून गेलंय. दाबलं की स्क्रीन क्षणभर पांढरी होते, सगळ्या रांगेचा श्वास थांबतो आणि पुन्हा आबाजी येतात. रांगेतली माणसं आता त्यांना नमस्कार करू लागली आहेत.

अखेर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामाजी, हे अगदी साधं आहे. कॅशचा लोचा आहे." कॅश म्हटल्यावर माझे कान टवकारले. ही रोकडवाली कॅश नव्हे हे कळल्यावर ते पुन्हा पडले.

त्याने समजावलं ते असं. खरी माहिती डेटाबेसमध्ये असते. तिच्यापुढे एक ॲप्लिकेशन सर्व्हर बसतो आणि लोकांना उत्तरं देतो. दर प्रश्नाला उठून आत जायला वेळ लागतो, म्हणून तो कालच्या माहितीची एक नक्कल, म्हणजेच कॅश, जवळ ठेवतो. "खानावळवाला गिऱ्हाइकागणिक बाजारात जातो का? सकाळीच भाजी करून ठेवतो, तीच दिवसभर वाढतो." बदल त्या सर्व्हरच्याच हातून झाला तर तो आपली नक्कल दुरुस्त करतो. पण दुसऱ्याच कोणी परस्पर आत जाऊन डेटाबेसमध्ये नोंद बदलली, म्हणजे दुसऱ्या खात्याने, दुसऱ्या प्रोग्रॅमने किंवा रात्री उशिरा एखाद्या साहेबाने, तर ह्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तो जुनंच वाढत राहतो. आणि मामाजी, त्याच्यापुढे तुमच्या बँकेची वेगळी नक्कल, तिच्यापुढे ब्राउझरची, तिच्यापुढे मोबाइलची.

"म्हणजे मूळ कागद एक आणि झेरॉक्सची झेरॉक्स?"

"हो. आणि प्रत्येक झेरॉक्सला वाटतं, आपणच ओरिजिनल."

फिल कार्लटन नावाच्या एका संगणकतज्ज्ञाच्या नावावर एक वचन सांगतात, असं भाचा म्हणाला. त्याचा मतलब असा, की कॉम्प्युटरच्या धंद्यात दोनच गोष्टी अवघड: जुनी नक्कल कधी फेकायची ते ठरवणं आणि नावं ठेवणं. पहिल्या गोष्टीत मी पडत नाही. दुसरी अवघड कशी, हे मात्र मला समजलं नाही. आमच्या पानठेल्यावर खर्रा घोटून होईपर्यंत अर्ध्या तालुक्याला नावं ठेवून होतात.

मी विचारलं, "मग ह्यावर इलाज?" भाचा म्हणाला, पुष्कळ आहेत. आणि एकेक सांगू लागला. मी ऐकता ऐकता चकित झालो, कारण त्यातला एकही मला नवा नव्हता.

पहिला इलाज म्हणे, प्रत्येक नकलेला मुदत घालायची. मुदत संपली की नक्कल रद्द, मग ताजी आणायची. अरे, हा तर उत्पन्नाचा दाखला! त्यावर ३१ मार्च लिहिलेलं असतं. १ एप्रिलला माणसाच्या उत्पन्नात काडीचा फरक पडलेला नसतो, पण दाखला शिळा होतो आणि खिडकीपुढे आख्खा तालुका उभा राहतो. मुदत लांब ठेवली तर खोटं फार दिवस चालतं, आखूड ठेवली तर रांग फार वाढते. भाचा म्हणाला, आमचंही अगदी असंच आहे, फक्त रांगेत माणसं नसतात.

दुसरा इलाज, दर थोड्या वेळाने जाऊन विचारायचं, काही बदललं का? हे काम मी स्वतः बँकेत निष्ठेने करतोय. सरकारही पेन्शनवाल्यांच्या बाबतीत हेच करतं. दर नोव्हेंबरात विचारतं, आहात ना? आणि पेन्शनर हयातीचा दाखला देऊन सांगतो, आहे. १० नोव्हेंबर २०१४ला 'जीवन प्रमाण' सुरू झाल्यापासून हे उत्तर ऑनलाइनही देता येतं. आमचे एक निवृत्त हेडमास्तर मोठ्या अभिमानाने ते द्यायला गेले. पण बोटांवरच्या रेषा खडूने झिजलेल्या. यंत्र अंगठा ओळखेना. "मी इथं उभा आहे, हे तुम्हाले दिसत नाही का?" असं ते यंत्राला वर्गातल्या आवाजात विचारू लागले. यंत्र त्यांच्या वर्गात शिकलेलं नसल्यामुळे घाबरलं नाही.

ह्या विचारण्यात एक मोठी खोच आहे, ती भाच्याने सांगितली आणि आबाजींचं कोडं मला उलगडलं. यंत्र विचारतं, कालपासून कोणकोण बदललं? ज्याच्यात बदल झाला तो हात वर करतो. पण ज्याची नोंदच निघून गेली तो हात कसा वर करणार? गेलेला माणूस येऊन सांगत नाही की मी गेलो. म्हणून शहाणे डेटाबेस नोंद लगेच पुसत नाहीत, तिथे खूण ठेवतात. कॅसांड्रा नावाच्या डेटाबेसात त्या खुणेला चक्क थडगं म्हणतात. आता आबाजींना आम्ही नदीकाठी अग्नी दिला. थडगं बांधायचं आम्हाला सुचलं नाही.

पण सातबाऱ्याला सुचलं होतं. तिथे नाव पुसत नाहीत, कंस करतात. शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात. कंसातले आबाजी दिसतात, पण त्यांना जमिनीवर हक्क सांगता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या कंसांकडे पाहिलं की मला आमच्या घराण्याविषयी आदर वाटतो. एवढे कर्ते पुरुष, आणि सगळे कंसात.

तिसरा इलाज, डेटाबेसनेच ओरडून सांगायचं. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात ही सोय आहे म्हणे. बदल झाला की तो हाक देतो, ज्यांनी कान लावलेत त्यांना ऐकू येते. मी म्हटलं, बाळा, ही दवंडी. कोतवाल ढोलकं घेऊन निघायचा आणि आख्ख्या गावाला एका दमात कळायचं. भाचा म्हणाला, एकच अडचण आहे. हाक दिली त्या क्षणी जो जोडलेला नसेल, त्याची हाक गेली. ती पुन्हा येत नाही. हीसुद्धा आम्हाला जुनी आहे. दवंडी नेमकी फिरायची तेव्हा आमचे काकाजी सासुरवाडीला असायचे. पाणीपट्टी थकल्याची दवंडी तर त्यांनी जन्मात ऐकली नाही. म्हणून आमच्या जुन्या कायद्याने नुसत्या ओरडण्यावर भरवसा ठेवला नाही. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं १५०वं कलम सांगतं, की फेरफाराची नोंद घेतली की तिची पूर्ण प्रत चावडीत ठळक जागी लावा आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवा. भिंतीवरही लावा आणि घरीही कागद पोचवा.

चौथा इलाज भाच्याने अगदी आवाज खाली करून सांगितला, जणू कंपनीचं गुपित. डेटाबेस म्हणे कुठलाही बदल आधी एका वहीत ओळीने लिहितो, मग प्रत्यक्ष नोंद बदलतो. ती वही वाचत बसणारे प्रोग्रॅम निघालेत, डेबेझियम त्यातलं एक नाव. एखादा काही वेळ झोपला तरी बिघडत नाही. उठल्यावर शेवटच्या वाचलेल्या ओळीपासून पुढे वाचायचं. काहीच सुटत नाही, गेलेला माणूससुद्धा.

"अरे, गाव नमुना सहा!" मी ओरडलो.

"काय?"

"फेरफाराची नोंदवही! आधी तिथं क्रमांकाने नोंद, मग मंजुरी, मग सातबाऱ्यावर अंमल. पटवाऱ्याच्या दप्तरात आहे ती केव्हाची."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग भाचा म्हणाला, "मामाजी, ह्या गोष्टीचा आम्हाला तीन दिवसांचा ट्रेनिंग कोर्स होता. फाइव्ह स्टार हॉटेलात."

"आणि तुमच्या कंपनीत ह्यातलं काय वापरता?"

"आम्ही सर्व्हर रिस्टार्ट करतो."

ह्या उत्तराने मला खरं समाधान मिळालं. इतके इलाज, इतकी हॉटेलं, आणि शेवटी बंद करून चालू. आमचा ऑनलाइनवाला पोरगा आणि हिंजवडी ह्यांच्यात फरक फक्त बटनाचा.

दोन नकला जुळवायचा सगळ्यात मोठा खटाटोप मात्र महाराष्ट्राने करून दाखवला आहे. हाताने लिहिलेला सातबारा एक सांगायचा, कॉम्प्युटरवरचा दुसरं. तेव्हा २०१७ साली गावोगाव चावडी वाचनाची मोहीम निघाली. कॉम्प्युटरवरचा सातबारा गावात मोठ्याने वाचायचा, लोकांनी ऐकायचा आणि चूक असेल तिथे बोलायचं. आता हे वाचन ज्या पद्धतीने होतं ते कुठल्याही हिंजवडीला जमणार नाही. नाव वाचलं की मागून आवाज येतो, "तो माझा चुलता, पण त्याईनं ते बांधी माझ्या बापाले तोंडी देल्ली होती." दुसरा म्हणतो, "कोणत्या तोंडानं?" क्षेत्र वाचलं की तिसरा म्हणतो, "आर सोडा, एकरात सांगा." एखादी म्हातारी उठून म्हणते, "माह्यं नाव मयत लिवलं काय? मी तं भाजी टाकून आली." अशी तपासणी यंत्र करू शकत नाही. यंत्राला म्हातारीची भाजी करपताना दिसत नाही.

आता थोडं आपल्याही डोक्यात डोकावू. कॉम्प्युटरला जुनाट म्हणणारे आम्ही स्वतः कोणत्या सालातल्या नकलेवर चालतो? जिल्ह्याचं नाव १९६४च्या सुमारास चंद्रपूर झालं. आमच्या मावसबाई अजून बसमध्ये कंडक्टरला "चांदा" मागतात, आणि तो मुकाट्याने देतो. रेल्वेचं एक स्टेशन तर आजही चांदा फोर्ट आहे. २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी तिकडच्या सोयरिकी सांगताना म्हातारे "आपल्याच जिल्ह्यातले" म्हणतात. तलाठी हे पद २०२४ साली ग्राम महसूल अधिकारी झालं. आम्ही विदर्भातले लोक, आमच्याकडे तलाठी हेच नाव अजून पुरतं पोचलेलं नाही. आम्ही मध्य प्रांताच्या काळातल्या पटवाऱ्यावरच आहोत. दोन नावं मागे, आणि काम अडत नाही.

लग्नात तर ही नक्कल फार जोमात असते. आमचे एक दूरचे सोयरे मांडवात भेटले की मला विचारतात, "पोरगा काय करते? बारावी झाली का?" पोरगा बाजूला स्वतःच्या पोराचं नाक पुसत उभा असतो. सोयऱ्यांना तो दिसतो, पण त्यांच्या यादीत बारावीचा पोरगा आहे आणि हा दाढीवाला त्यांच्यात अजून आलेला नाही. दुसरी एक काकू दरवर्षी माझ्या बायकोला म्हणते, "बारीक झालीस गं." ही नक्कल मात्र घरात कोणी दुरुस्त करू देत नाही.

बायोडाटा ही नकलांची राणी. त्यातली उंची पोरगा शाळेत असतानाच्या अंदाजावर, पगार पुढच्या वर्षीच्या आशेवर, शेती आबाजींच्या काळातली अखंड, वाटणीच्या आधीची. तीनही आकडे एका कागदावर गोडीगुलाबीने राहतात. मुलीकडचे लोक मग काय करतात? परस्पर येऊन पानठेल्यावर विचारतात. खर्ऱ्याची पुडी घेईपर्यंत त्यांना ताजी माहिती मिळते, कर्जासकट. गोंडपिपरीत खरी माहिती कुठे असते असं कोणी विचारलं, तर प्रामाणिकपणे मला ठेल्याकडे बोट दाखवावं लागेल. तिथे नोंद उशिरा होत नाही. उलट कधीकधी घटनेच्या आधीच होते.

तेव्हा माझं मत असं झालं आहे. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. तो कालचं खरं आज बोलतो, आणि आपण त्याला बदललेलं सांगायचं सोडून त्याच्यासमोर रांग लावतो. प्रत्येकाला वाटतं, मूळ कागद बदलला म्हणजे झालं. बँकेला वाटतं महसूलवाले कळवतील, महसूलवाल्यांना वाटतं बँक बघून घेईल, दोघांना वाटतं घरचे येऊन सांगतील, आणि घरचे अडकित्त्यावरून भांडत असतात.

म्हणून वाचकहो, एवढं करा. वर्षातून एकदा आपला सातबारा उघडून वाचा. महाभूलेखवर नुसता पाहायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा हवा तर पंधरा रुपये. आपल्या नावापुढचा फेरफार क्रमांक कागदावर लिहून ठेवा; बँकेत बाबू "आमच्यात नाही आलं" म्हणाले की वाद न घालता तो क्रमांक पुढे सरकवा. आणि घरात कोणी गेलं, तर तेरवीच्या यादीत आचारी, मांडव, पत्रावळी ह्यांच्या खाली बँक, रेशन, गॅस, पेन्शन आणि वारस नोंद हेही लिहा. जमीन महसूल संहितेच्या १४९व्या कलमाने वारसाला कळवायला तीन महिन्यांची मुदत दिली आहे. तेरवी तेराव्या दिवशीच असते.